ओवाळणीचा चेक

— नाई वं माय, चेक परत आला मंजे लगेच पोलीस येऊन त्याले उचलून नेत नाई. तसं असतं तर हे अकोल्याचं कोर्ट एवढं भरलं असतं काय? बस, बस इथं, सरकतो मी. तो कागद दाखव. हा, हाच. बँकेनं देल्ला न? याले मेमो म्हणतात. यावरची तारीख पाय आधी. या तारखेपासून तीस दिवसात नोटीस गेली पायजे— वकिलाच्या हातून, रजिस्टर पोस्टानं, पावती जपून ठेवाची. त्याले भेटली की पंधरा दिवस गप बसाचं. त्यात पैसे देल्ले तर बात खतम. नाई देल्ले तर मंग महिन्याच्या आत केस. एक दिवस इकडचा तिकडं झाला की वरातीमागून घोडं. सातवी शिकली मी फक्त, पण चवदा तारखा झाल्या माह्या इथं— आता वकिलाच्या पोरापेक्षा मले जास्त येते. तुहा कोण हाय? क्लासवाला? अमरावतीचा? तीन महिन्याचा पगार! बापा बापा. अन तू शिकोते काय तिथं— गणित? गणिताच्या मास्तरनीले फसवलं मंजे पोट्टा हुशारच म्हणा. काय म्हणते? सर चांगले हायेत? अवं, चांगलेच माणसं चेक देतात, वाईट तर तेही देत नाई. तू नोटीस धाड. तुहा मेहनतीचा पैसा हाय, सरळ हाय, त्यात लाजासारखं काई नाई. लाज वाटली की तीस दिवस निघून जातात, हे ध्यानात ठेव.

माही? माही बी चेकचीच हाय. सहा लाखाचा. कोणावर? —सोड न ते. कोणावर असली तर काय फरक पडते. बरं, सांगतो. साहेब जेवाले उठले हायेत, पावणेतीनले बसतीन, अन मी पिंजऱ्यात उभी राहून अर्धी साक्ष देऊन आली, अर्धी बाकी हाय. तवर मले बी कोणाशी तरी बोलाचंच हाय. तो पाय तिकडं, लिंबाच्या झाडाखाली— पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. पाह्यला? तो पुंजाराम. तो आरोपी. आरोपीच म्हणाचं अस्ते इथं, माह्या वकिलानं बजावून ठेवलं हाय— मावशी, दादा म्हणू नका कोर्टात, आरोपी म्हणा. माहा सख्खा भाऊ हाय तो. तीन वर्षानं मोठा. आता अशी पाहू नको माह्याकडं, मले सवय नाई झाली अजून.

चांदूर रेल्वेहून येते तो, आमच्या माहेरच्या गावाहून, गाडीनं. दर तारखेले. मी म्हणलं होतं वकिलाले, तिकडंच टाका न केस, त्याले गुडघ्याचा तरास हाय. तर तो म्हणे तसं नाई होत, चेक ज्या बँकेत तुमी टाकला तिथलं कोर्ट. माहं खातं अकोल्याले, मंजे केस अकोल्याले. असा नियम हाय. नियम चांगलाच हाय तसा, तुह्यासाठी तर चांगलाच हाय, तुले अमरावतीले चकरा माराले नाई लागणार. पण मले दर बारीले तो जिना चढतानी दिसते. कठड्याले धरून चढते अन मधात थांबते.

शेत होतं आमचं, रोडले लागून, पाच एकर. बाप गेला, मंग माय गेली, सातबाऱ्यावर आमी दोघं. प्लॉट पाडणारा लेआउटवाला आला अन भाव झाला. दादा इथं आला, चहा घेतला, म्हणे वच्छे, तुही सही लागते हक्कसोडवर, तुले मी सहा लाख देतो. कायद्यानं अर्धा अस्ते, मले माहीत हाय— तवा नवतं माहीत असं नाई, तवाही होतं— पण मी म्हणलं, दे. माही काई तक्रार नवती. रजिस्ट्रीच्या हापिसात कागद झाला. त्यावर लिवणाऱ्यानं काय लिवलं? की मी स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता, हक्क सोडून राहिली. तसं लिवलं की दोनशे रुपयाच्या स्टँपात काम होते, नाईतर लय लागते. सारेच तसं लिवतात म्हणे. वाचलं कोण? मी अंगठ्याची शाई पदराले पुसत होती. आता तोच कागद त्याचा वकील असा दोन बोटात धरून दाखोते साहेबाले— पाहा साहेब, मोबदला न घेता.

मंग पंधरा दिवसानं भाऊबीज आली. हे गेल्यावरची पहिली. हे मंजे माहे मालक, भगवंतराव, इथल्याच डेपोत ड्रायव्हर होते एसटीवर. मी चांदूरले गेली. ताट केलं, दिवा लावला, दादा पाटावर बसला, मी टिळा लावला, तांदूळ लावले, ओवाळलं— अन त्यानं ताटात चेक टाकला. सहा लाखाचा. माही भावजय रुख्मिणी, शेजारच्या दोघी-तिघी, साऱ्या पाहून राहिल्या. मी तो उचलला न, तर बोटाले कुंकू होतं. त्याच्या कपाळाले लावलं होतं न आत्ताच. तेच बोट चेकवर उठलं, वरच्या कोपऱ्यात. बस. त्या एवढ्या कुंकवावर ही केस अटकून राहिली हाय पोरी.

कशी? हे तुले कोणी सांगणार नाई, आयक. चेक कशाचा हाय हे पाह्यते कोर्ट. देण्याचा असला— तुहा पगार, मालाचे पैसे, उसने घेतलेले— तर गुन्हा. दोन वर्ष सजा होऊ शकते, दुप्पट दंड होऊ शकते. पण बक्षिसाचा असला, खुशीनं देल्ला असला, तर नाई. खुशीचा चेक परत आला तर आला, त्याचा गुन्हा नाई. आता कायदा तसा फिर्यादीकडं झुकते, धरूनच चालते की चेक देल्ला मंजे देणं असनच, नसन तर देणाऱ्यानं दाखवावं. तर त्याचा वकील तेच दाखवून राहिला. आज सकाळी मले पिंजऱ्यात उभं केलं, चेक दाखवला. म्हणे बाई, हा लाल डाग कशाचा? मी म्हणलं कुंकवाचा. कोणी लावला? मी. कावून, कशासाठी लावला? —तेवढ्यात साहेबानं घड्याळ पाह्यलं अन उठले. आता पावणेतीनले पह्यला सवाल तोच हाय. कावून लावला.

एका शब्दाचं काम हाय. ओवाळणी म्हणलं की केस गेली, सहा लाख गेले. हिश्श्याचे पैसे म्हणलं की दादा गेला.

माहा पोरगा अमोल, तो जेवाच्या सुट्टीत मले या खांबामागं घेऊन गेला. म्हणे आई, सोपं हाय. सांग, चेक हातात देल्ला, हिश्श्यापोटी देल्ला, मंग मी घरी आणून देवापुढं ठेवला, तवा कुंकू लागलं. बस. खोटंही नाई ते, तू ठेवलाच होता न देवापुढं? ठेवला तर होता. अडीच महिने ठेवला होता. ओवाळणी कोणी आल्या-आल्या मोडते काय? मी म्हणलं संक्रांत होऊ दे, वाणाचं होऊ दे, मंग टाकीन. रोज दिवा लावतानी पाहो त्याच्याकडं. गल्लीतल्या साऱ्या बायाईले दाखवला मी तो, माह्या भावानं टाकला म्हणून. तीन महिनेच चालते चेक हे मले बँकेतल्या पोरीनंच सांगतलं, अन वरतून रागावली, की मावशी चेकले कुंकू लावतात काय, देव हाय काय तो? मी म्हणलं लाव वं मशीनले, चालते का पाय. चाललं मशीन. चार दिवसानं परत आला— खात्यात पैसे नाई.

होते पैसे! दादानं चेक टाकला तवा होते, सहाच्या वर होते. त्याचा पोरगा गोपाल, खातं दोघाच्या नावानं. दिवाळी गेली, डिसेंबर गेला, गोपाल पाह्यते तर पैसे तसेच. म्हणला, आत्यानं काढले नाई मंजे तिले गरज नाई. अन उचलले अन जेसीबीच्या हप्त्यात घातले. बापाले इचारलं नाई. दादाले मी फोन केला तवा समजलं त्याले. मंग म्हणे, थांब वच्छे, मी करतो काई तरी. थांबली असती मी. वकील म्हणे तीस दिवस. अमोल म्हणे तीस दिवस. अमोलनं नोटीस धाडली.

—नाई. तुह्यापाशी का खोटं बोलू. तू मले काय वळखते? अमोलनं धाडली असं साऱ्याईले सांगतो मी. सही माही हाय. अन वाचून केली. अठ्ठाविसाव्या दिवशी मी चांदूरले गेली होती, एकटी, कोणाले न सांगता, म्हणलं भेटून येऊ. दादा घरी नवता. रुख्मिणी दारात उभी राहिली, आत ये म्हणलं नाई, पाणी इचारलं नाई. म्हणे, हिस्सा घेतला न, आता कोणत्या नात्यानं आल्या? हातात एक रुपया पडला नवता माह्या, अन ही मले हिस्सा घेतला म्हणते. मी तशीच मागं फिरली. टेशनावर दोन घंटे बसली, तिथल्या नळाचं पाणी पेली, रातच्याले घरी आली, अन सकाळी उठून अमोलले म्हणलं, कुठं करू सही? त्यानं काई जबरदस्ती केली नाई. मले राग होता. मले वाटलं भोगू दे. आपलेच दात न आपलेच ओठ म्हणतात न, ते चावल्यावर समजते.

अन तुले एक सांगतो, हे मी वकिलालेही सांगतलं नाई. दादा लिवून देणार होता. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शंभराचा स्टँप आणून ठेवला होता त्यानं— की वच्छलाचे सहा लाख हिश्श्यापोटी देणं हाय, त्याचा हा चेक. साधा माणूस हाय, पण त्याले समजे. मीच नाई म्हणलं. मी म्हणलं दादा, भावाबहिणीत स्टँप लिवते काय कोणी? फाड तो. तो म्हणे अवं असू दे, उद्या काई झालं तर. मी आयकलं नाई, रुसून बसली. म्हणलं तुले द्याचेच असन तर ताटात टाक. ओवाळणी म्हणून टाक, नाईतर मले नको. तो हसला, म्हणे बरं, ओवाळणी तर ओवाळणी. फाडला त्यानं स्टँप, माह्यासमोर. मी टाकाले लावला तो चेक ताटात. आता त्याचा वकील जे म्हणून राहिला न, शब्द न शब्द खरं हाय. अन ते दादाच्या तोंडातलं नाई, ते माह्या तोंडातलं हाय.

कावून केलं? तुही माय हाय? भाऊ हाय? —मंग तुले समजन. आमच्याकडं जिनं हिस्सा घेतला तिचं माहेर सुटते. माही माय म्हणे, हिश्श्याची पोरगी दारात उभी राहिली की पाणी देतानी बी लोक गिलास मोजतात. बाप गेलेला, माय गेलेली, मालक गेले, इथं दोन खोल्या पोराच्या नावानं. मले जाले एकच दार उरलं होतं. मले पैसेही पायजे होते अन ते दारही पायजे होतं. दोन्ही एका ताटात घ्याले गेली मी. अन थोडी हौसही होती, आता तुह्यापाशी का लपोवाचं. चाळीस वर्ष त्यानं एकावन रुपये टाकले, कधी एखांदं पातळ. समोरच्या बाईले तिचा भाऊ सोन्याचे मणी टाके अन ती आठ दिवस गळ्यात मिरवे. मले वाटलं, एकदा तरी सांगावं लोकाईले. लय सांगतलं मी. नळावर सांगतलं, किराण्यात सांगतलं. माहं तोंडच असं हाय.

अमोल वाईट नाई. तसं समजू नको. घर पाह्यलं हाय त्यानं, बुकिंगचे पैसे भरून बसला हाय, वकिलाची फी त्यानंच देल्ली, दर तारखेले कामावरची सुट्टी तोच टाकते. आज सकाळी कोर्टाच्या फाटकात गाडी लावतानी बोलला. म्हणे आई, आज जर ओवाळणी म्हणली न, तर मंग तुह्या भावाच्याच घरी जाजो, माह्या नाई. हेल्मेट नाई काढलं त्यानं बोलतानी. रागात म्हणला असन. तुले काय वाटते, रागात म्हणला असन न? ...हं. मलेही तसंच वाटते. पण तो रागात बोललेलं बदलत नाई, बापावर गेला हाय.

दादाशी बोलाचं नाई असंही बजावलं हाय मले. सव्वा वर्ष झालं, नाई बोलली. चवदा तारखा झाल्या, त्याच बाकावर दोघं, मधात दोन माणसं, पण नाई बोलली. अन आज आत्ता, तू इथं येण्याच्या पाच मिनिटं आधी, अमोल पान खाले गेला तवा, तो उठून आला इथं. असा समोर उभा राहिला. म्हणे, जेवली का वच्छे? मी खाली पाह्यलं. पुन्हा म्हणे, जेवली का? मंग तो इथंच बसला, तू बसली तिथं, अन पुढं पाहून म्हणे— आयकून घे फक्त, बोलू नको. तू हिस्साच म्हण. मी वकिलाले सांगून राहिलो होतो हा सवाल इचारू नको, त्यानं नाई आयकलं. तू हिस्सा म्हण. जे होईन ते मी पाह्यतो. माहं वय झालं, मले कुठं ठेवलं तरी काय. तुले तुह्या पोराच्या घरात राह्याचं हाय. एवढं बोलला अन उठून गेला झाडाखाली. डबा खोलला नाई त्यानं अजून, पाय. मांडीवरच हाय.

आता तू गणितवाली हाय, तू सांग. मले असं म्हणणारा माणूस, त्याले मी साहेबासमोर बोट दाखवून आरोपी म्हणू? कमजोर हाय तो, हे खरं हाय. पोरासमोर तोंड उघडत नाई, बायकोसमोर उघडत नाई, माहे पैसे गेले तवा बी फक्त थांब म्हणला. लय राग येते मले त्याचा, आत्ताही येऊन राहिला. असा कसा रे तू दादा, असं वाटते. लहानपणी बी असाच, मार मी खाणार अन रडणार तो. पण त्यानं ती ओवाळणी मनापासून टाकली होती. ते मी पाह्यलं हाय. लय खुश होता तो टाकतानी. एवढे पैसे त्यानं जिंदगीत कोणाले देल्ले नवते.

रडून नाई राहिली मी. धूळ हाय इथं. पाणी? दे. —बस, दोन घोट.

तडजोड? इचारली न, साहेबानंच इचारली होती दोनदा, लोकअदालतीतही ठेवली होती. गोपाल म्हणे महिन्याले पाच हजार देतो. हिशेब कर, किती वर्ष लागतीन. अमोल उठून गेला तिथून. मी बसली होती. मी म्हणणार होती चालन, पण माह्याकडं कोणी पाह्यलंच नाई. सही मात्र माहीच लागते सगळीकडं.

काय टाइम झाला? पावणेतीन? आले पाय साहेब, उठले सारे. तू तुहा मेमो आत ठेव, घडी नको करू त्याची. अन आजच नोटीस दे, समजलं? सर चांगले हायेत, सर देतीन, असं म्हणत बसू नको. तुह्या पैशाले एकच नाव हाय. ते साफ लिवून घे अन सोडू नको.

—पुकारा झाला. माहंच नाव. आली जी! आली! ...अवं गुडघा धरला, हात दे जरा. हां. अमोल तिकडं दारापाशी उभा हाय, पाह्यलं? मले इशारा करून राहिला, तीन बोटं दाखोते. तीन शब्द मंजे. हिश्श्याचे, पैसे, होते. सकाळपासून घोकून घेते माह्याकडून.

मी काय म्हणीन? तुले नाई समजलं अजून? ...संध्याकाळी कुठं जाशीन म्हणते? ते मी इचारलंच नाई स्वतःले. चांदूरले तर रुख्मिणी हाय दारात. पाहू. आधी आत तर जाऊ दे.

नाई, तू नको येऊ आत. नको म्हणलं न. वळखीचं कोणी नसलं की बरं बोलता येते मले. जाय, ज्या वकिलाले भेटाले आली तू, तो निघून जाईन. अन अमोल बाहेर आला अन तुले इचारलं की आई काय बोलत होती, तर सांगजो की— नाई. काई नको सांगू. तो नाई इचारणार. जाय तू.